जुन्या बाजारात मिळालेला सोन्या-चांदीचा दागिना: ओळखायचा कसा, विकायचा कसा

जुन्या वस्तूंच्या ढिगात एखादी काळवंडलेली साखळी हाती लागली की बहुतेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं: घरी येऊन ती घासून चकचकीत करायची. मग शिक्का शोधायचा, मग इंटरनेटवर किंमत बघायची आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी विचारायचं, हे खरं आहे का? हा क्रम नेमका उलटा आहे. काळपटपणाचा रंग, मुलामा उडालेल्या जागा, दुरुस्तीच्या खुणा हे सगळे पुरावे घासताना निघून जातात. एकदा गेले की कुठलंही यंत्र ते परत आणून देत नाही.

आधी पाहायचं, मग शिक्का वाचायचा, मग वजन आणि घनता, गरज पडली तरच कस (म्हणजे कसोटीच्या दगडावरची परीक्षा), आणि फडकं अगदी शेवटी. लेखातल्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीचं उत्तर चुकीचं येऊ शकतं, म्हणून घाई करू नका.

## १. खरेदीच्या वेळची आणि घरातली तयारी

साहित्य फार लागत नाही, पण जे लागतं ते नीट हवं.

- दहापट दाखवणारं भिंग. यापेक्षा जास्त ताकदीचं घेण्याचा मोह टाळा. दिसणारा भाग फार लहान होतो आणि हात जरा हलला की काहीच कळत नाही.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि तो तपासण्यासाठी एक प्रमाणित वजन.
- लहान पण जोरदार निओडिमियम लोहचुंबक.
- हलका प्लॅस्टिकचा पेला, बारीक नायलॉनचा धागा, भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब.
- पांढरं सुती कापड, बाजूने उजेड टाकता येईल असा दिवा, वही.

भिंग दागिन्याजवळ धरून लांबून डोकावणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दागिना हळूहळू पुढे आणा. साधारण अडीच सेंटीमीटरवर चित्र स्पष्ट होतं. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले ठेवा, म्हणजे थरथर थांबते.

वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. कुठे, केव्हा, कुणाकडून, कितीला घेतली हे त्याच दिवशी लिहा. पावती मिळत असेल तर मागून घ्या, नसेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने व्यवहाराची नोंद ठेवा. पुढे विकताना ‘हे तुमच्याकडे आलं कुठून’ हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाही हवा.

> सावध: धातूच्या भावापेक्षा खूपच कमी किमतीत, गडबडीने आणि ओळख न सांगता कुणी सोनं विकत असेल तर घेऊ नका. चोरीची वस्तू विकत घेणाऱ्याच्या अंगावरही प्रकरण येतं, आणि ज्याची वस्तू गेली आहे त्याचा विचार तर आधी करायला हवा.

## २. न पुसता पाहणं

वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवा, उजेड बाजूने घ्या आणि आहे त्या अवस्थेत पुढून, मागून, हुकाचे फोटो काढा. मग भिंग घेऊन झिजणाऱ्या जागांकडे जा. मधला नक्षीचा भाग सगळ्यात शेवटी. साखळीत कड्या जिथे एकमेकींवर घासतात ती आतली बाजू, अंगठीचा तळहाताकडचा भाग, बांगडीच्या कडा, कानातल्याच्या दांडीचं टोक, हुकाच्या पट्टीची धार: मुलामा सगळ्यात आधी इथूनच उडतो.

पिवळ्या कडीच्या आतल्या बाजूला लालसर किंवा फिकट राखाडी धातू डोकावत असेल तर वर फक्त थर आहे. पिवळा रंग घासलेल्या जागीही तसाच आत जात असेल तर पुढे तपासायला अर्थ आहे. खाचांमध्ये हिरवी बुरशीसारखी पूड बसली असेल तर तांब्याचं प्रमाण मोठं आहे असं समजा. कमी कॅरटच्या सोन्यात किंवा हलक्या चांदीत तशी थोडी पूड दिसू शकते, म्हणून एवढ्यावरूनच वस्तू फेकून देऊ नका. चांदीचा काळेपणा निळसर-तपकिरी छटांपासून काळ्यापर्यंत जातो आणि सपाट भागावर सारखा पसरतो.

इथे एक उलटी फसगतही होते. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा थर दिलेला असतो. तो झिजला की कडा पिवळसर दिसतात आणि लोक ‘आत पितळ आहे’ म्हणून चांगली अंगठी बाजूला टाकतात. तसंच जुन्या युरोपीय हिऱ्याच्या दागिन्यांत पुढची बाजू चांदीची आणि मागची सोन्याची असते. दोन रंग दिसले म्हणजे खोटं, असा हिशेब नाही.

मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच काळजीने पाहा. राखाडी, मऊ, ढेकळासारखं सोल्डर दिसलं तर कुणीतरी शिशा-कथलाने दुरुस्ती केली आहे. त्यामुळे किंमतही घटते आणि पुढे तापवताना धातूही खराब होतो. खडे नखांनी किंवा कोंदणाने पकडलेत की नुसते चिकटवलेत, तेही इथेच टिपा.

> तपासा: या पायरीअखेर वहीत तीन ओळी असायला हव्यात: झिजलेल्या जागी काय दिसलं, दुरुस्ती कुठे आहे, खडे कसे बसवलेत.

## ३. लोहचुंबक

याला अर्धा मिनिट पुरतो. सोनं आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत. मुख्य अंग जोरात चिकटलं तर आत लोखंड किंवा पोलाद आहे आणि तपासणी तिथेच संपते. फक्त हूक चिकटला तर काळजी नको. त्यात पोलादी स्प्रिंग असते. प्लॅटिनममध्ये कोबाल्ट मिसळलेलं असेल तर अगदी हलकी ओढ जाणवते, तेवढ्यावरून ते खोटं ठरवू नये.

> सावध: न चिकटणं हा सोन्याचा पुरावा नव्हे. पितळ, तांबं, शिसं, जर्मन सिल्व्हर, काही प्रकारचं स्टेनलेस स्टील, यांतलं काहीच चिकटत नाही. चुंबक फक्त नापास करतो, पास करत नाही.

## ४. शिक्का शोधणं आणि वाचणं

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून ही पायरी सावकाश करा. शिक्का अंगठीच्या आत, साखळीच्या हुकावर किंवा हुकाजवळच्या छोट्या पट्टीवर, ब्रोचच्या पिनेवर वा मागच्या कडेवर, कानातल्याच्या दांडीवर असतो. काळेपणा त्याच्या खाचांत साचलेला असतो आणि त्यामुळेच तो वाचता येतो. म्हणूनच अजून पुसायचं नाही. दिवा जवळजवळ आडवा धरा आणि वस्तू फिरवत राहा.

आधी मुलाम्याची अक्षरं शोधा. अंक दिसला की लोक आनंदाने थांबतात आणि पुढची दोन अक्षरं वाचतच नाहीत. आकड्यामागे ‘जीएफ’ असेल तर वर सोन्याचा जाड पत्रा दाबलेला आहे आणि आत दुसराच धातू. ‘१/२० १२के जीएफ’ याचा अर्थ एकूण वजनाच्या विसाव्या भागाइतका १२ कॅरटचा पत्रा. ‘आरजीपी’ म्हणजे त्याहून पातळ पत्रा. ‘जीपी’, ‘जीईपी’, ‘एचजीई’ म्हणजे विजेने दिलेला मुलामा. ‘ईपीएनएस’ म्हणजे जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. आणि जर्मन सिल्व्हर किंवा अल्पाका यांत तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. ‘वर्मेल’ मात्र चांदीवर सोन्याचा थर असतो, म्हणून त्याला निदान चांदीचा भाव आहे.

मग टंचाचे, म्हणजे शुद्धतेचे, आकडे. हे हजारातले भाग आहेत. सोन्यात ३७५ म्हणजे ९ कॅरट, ४१७ म्हणजे १०, ५८५ म्हणजे १४, ७५० म्हणजे १८, ९१६ म्हणजे २२. चांदीत ९२५ म्हणजे स्टर्लिंग, त्याशिवाय ८००, ८३५, ९००, ९५० हेही आकडे जुन्या मालावर भेटतात. ८०० पाहून ‘ही चांदीच नाही’ म्हणणारे बरेच असतात. ती चांदीच आहे, कमी टंचाची. प्लॅटिनमवर बहुधा ९५० किंवा ९०० आणि सोबत धातूच्या नावाची अक्षरं येतात. नुसतं ९५० दिसलं तर रंग आणि वजन पाहिल्याशिवाय ते चांदी आहे की प्लॅटिनम हे ठरवू नका.

जुन्या रशियन दागिन्यांवरचे ५६ आणि ८४ हे आकडे टक्के नाहीत. तिथे पूर्ण शुद्धता ९६ धरत. ५६ म्हणजे १४ कॅरट सोनं, ८४ म्हणजे ८७५ची चांदी. सोव्हिएत काळातल्या सोन्यावर ५८३ हा आकडा येतो. तो छापण्यातली चूक समजून मालाला खोटं ठरवू नका.

मग देशांच्या खुणा. सगळ्या पाठ करायची गरज नाही, पण काही नेहमी भेटतात.

- ब्रिटनमध्ये इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग. शहराची खूण वेगळी असते: लंडनची बिबट्याचं मस्तक, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, एडिंबराची किल्ला. सोबतच्या अक्षरावरून वर्ष निघतं. मात्र तेच अक्षर दर फेरीत परत येतं, म्हणून अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवावे लागतात. ब्रिटनमध्ये १५ कॅरट हा दर्जा १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात होता. अंगठीत १५ किंवा ६२५ दिसलं तर शुद्धता आणि काळ दोन्ही एका झटक्यात मिळतात.
- फ्रान्समध्ये गरुडाचं मस्तक म्हणजे किमान १८ कॅरट सोनं, १८३८ पासून. चांदीवर मिनर्व्हा देवीचं मस्तक. घुबड सोन्यावर आणि हंस चांदीवर, १८९३ पासून, बहुतांशी बाहेरून आलेल्या मालाला. हे शिक्के इतके बारीक असतात की भिंगाशिवाय नुसता ओरखडा वाटतो.
- जर्मनीत बनलेल्या खऱ्या चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, शेजारी ८०० किंवा ८३५.
- अमेरिकन मालावर सरकारी तपासणीचा शिक्का नसतो. बनवणाराच कॅरट लिहितो. १९०६च्या कायद्यात सूट होती, त्यामुळे जुना ‘१४के’ दागिना प्रत्यक्षात अर्धा किंवा सोल्डरसकट एक कॅरट कमी भरू शकतो. १९८१ पासून ही सूट फार कमी झाली.
- भारतीय मालावर भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी बीआयएस चिन्ह, टंचाचा आकडा आणि जुलै २०२१ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक. एचयूआयडी असेल तर शिक्का तरी २०२१ नंतरचा आहे. दागिना त्याआधीचा असू शकतो, पण ‘शंभर वर्षं जुना आणि शिक्काही तेव्हाचाच’ असा दावा तिथेच पडतो.

शेवटी, शिक्का कशावर आहे ते पाहा. साखळीचे हूक सारखे तुटतात आणि बदलले जातात. हुकावर ७५० असेल आणि साखळीवर काहीच नसेल, तर शिक्का फक्त हुकाबद्दल बोलतोय. दुसरी लबाडी यापेक्षा जुनी: खऱ्या पण लहान वस्तूवरचा शिक्क्याचा तुकडा कापून मोठ्या वस्तूत झाळायचा. शिक्क्याभोवती बारीक चौकोनी सांधा किंवा रंगात फरक दिसला तर थांबा. ठसा खोल, कडा किंचित दबलेल्या आणि अंगठीच्या झिजेबरोबर झिजलेला असावा. बाकीची अंगठी गुळगुळीत झिजलेली आणि शिक्का मात्र कोरा करकरीत, हे संशयाला पुरेसं आहे.

शिक्काच नाही, असंही पुष्कळदा होतं. अंगठीचं माप बदलताना तो कापला गेला असेल, किंवा मुळातच मारला नसेल. जगभर हाताने घडवलेल्या कित्येक सुंदर जुन्या दागिन्यांवर शिक्का नाही. अशा वस्तूंसाठी पुढची पायरी जास्त महत्त्वाची.

> तपासा: शिक्का ‘सापडला’ एवढं लिहून थांबू नका. नेमका काय, कुठे, आणि तो भाग मूळचा वाटतो की बदललेला, हे लिहा.

## ५. वजन आणि घनता

घरबसल्या करता येणाऱ्या तपासण्यांत माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. दागिन्याला ओरखडा पडत नाही, आम्ल लागत नाही, आणि मुलामा कितीही सुरेख असला तरी आतल्या धातूचं वजन लपत नाही.

1. काटा सपाट जागी ठेवून प्रमाणित वजनाने तपासा. पंखा बंद करा.
2. दागिना कोरडा तोला. समजा, अंगठी ८.४० ग्रॅम भरली.
3. पेल्यात पाणी घेऊन त्यात साबणाचा अगदी छोटा थेंब टाका, म्हणजे धातूला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. पाण्यासकट पेल्याचं वजन काट्याच्या क्षमतेत बसायला हवं, नाहीतर काटा गप्प बसतो किंवा चुकीचं सांगतो.
4. अंगठी धाग्याला बांधून पूर्ण बुडेल अशी पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. हात काट्याला न लागेल अशा आधारावर ठेवा.
5. आता दिसणारा आकडा म्हणजे अंगठीने बाजूला सारलेलं पाणी. समजा ०.५४.
6. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. ८.४० भागिले ०.५४ बरोबर १५.६.

हे १८ कॅरट पिवळ्या सोन्याशी जुळतं. त्याच अंगठीने ०.६३ दाखवलं असतं तर १३.३ आलं असतं, म्हणजे साधारण १४ कॅरट. ताडून पाहायला अंदाजे घनता अशा:

- शुद्ध सोनं १९.३
- २२ कॅरट १७.५ ते १७.९
- १८ कॅरट १५.२ ते १५.९
- १४ कॅरट १३ ते १४
- ९–१० कॅरट ११ ते ११.७
- शुद्ध प्लॅटिनम २१.४, दागिन्यातलं जरा कमी
- स्टर्लिंग चांदी १०.३ ते १०.४
- शिसं ११.३
- पितळ, जर्मन सिल्व्हर ८.४ ते ८.८
- पोलाद साधारण ७.९

आता ही रीत कुठे फसते ते. पहिलं, लहान वस्तू. दीड ग्रॅमचं कानातलं ०.१० दाखवतं, आणि काट्याची चूक ०.०१ची असली तरी उत्तर १३.६ ते १६.७ पर्यंत कुठेही जातं. तीनेक ग्रॅमखाली या आकड्यावर निर्णय घेऊ नका. दुसरं, पोकळ दागिने. आत हवा, लाख किंवा मेण असेल तर घनता कमी दिसते आणि अस्सल सोनं पितळ वाटू लागतं. तिसरं, खडे, बहुतेक खडे धातूपेक्षा खूप हलके असतात आणि उत्तर खाली ओढतात. चौथं, साखळ्या, कड्यांत बुडबुडे अडकतात. पाण्यातच दोन-तीनदा झटका देऊन मग वाचा. प्रत्येक मोजणी तीनदा करा आणि तिन्ही आकडे लिहा. एकमेकांपासून लांब आले तर मोजणी चुकली आहे.

यादीतल्या दोन जोड्या लक्षात ठेवा. शिसं आणि ९ कॅरट सोनं जवळजवळ सारखे भरतात. टंगस्टनची घनता तर शुद्ध सोन्याइतकीच, १९.३. म्हणून घनता कधीही एकटी बोलत नाही. ती शिक्क्याशी आणि झिजेच्या रंगाशी जुळली पाहिजे.

> सावध: मागून बंद कोंदणात बसवलेल्या जुन्या खड्यांखाली बहुधा चमकीचा पातळ कागद असतो. पाणी शिरलं की तो कायमचा काळा पडतो. असे दागिने, दोऱ्यात ओवलेले मोती आणि चिकटवलेले खडे पाण्यात घालू नका.

## ६. कस, आम्ल आणि यंत्र

पाचव्या पायरीपर्यंत सगळं जुळलं तर लहानसहान वस्तूसाठी इथे यायची गरज नाही. मोठी वस्तू असेल, किंवा शिक्का एक सांगतो आणि घनता दुसरं, तर या.

कसोटीच्या दगडावर दागिना घासून रेघ काढतात, शेजारी माहीत असलेल्या टंचाची रेघ काढतात आणि दोन्हींवर त्या कॅरटचं आम्ल सोडतात. रेघ टिकली तर धातू त्या कॅरटचा किंवा वरचा. विरली तर खालचा. नेहमीची चूक अशी की वरच्यावर हलकेच घासलं जातं. मुलाम्याचं सोनं दगडावर येतं आणि रेघ उत्तम टिकते. न दिसणाऱ्या जागी बारीक कानशीने आतला धातू उघडा करून तिथून रेघ काढायला हवी, आणि तो ओरखडा कायमचा राहतो. एखाद्या नामांकित कारागिराच्या वस्तूला असं करणं म्हणजे हातानेच किंमत कमी करणं.

ही आम्लं नायट्रिकची असतात आणि वरच्या कॅरटसाठी त्यात हायड्रोक्लोरिकही असतं. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि सांडलं तर लगेच टाकायला खायचा सोडा, यांतलं एकही नसेल तर बाटली उघडू नका. चांदी तपासण्याच्या लाल द्रावणात क्रोमियमची विषारी संयुगं असतात. ते घरात, मुलाबाळांच्या वावरात ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. अनुभवी सराफाकडून किंवा तपासणी केंद्रातून कस लावून घेणं जास्त शहाणपणाचं.

क्ष-किरणांवर चालणारं एक्सआरएफ यंत्र ओरखडा न पाडता टंच सांगतं, पण ते वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचतं. जाड मुलाम्याला ते १८ कॅरट म्हणू शकतं. म्हणून तीन जागी वाचन मागा: मुख्य अंग, हूक, आणि जिथे सगळ्यात जास्त झीज आहे ती जागा. झिजलेल्या जागी तांबं किंवा निकेल अचानक वाढलं तर उत्तर मिळालं.

## ७. काळ ठरवणं

शिक्क्यावरून वर्ष निघालं तर उत्तम. नाहीतर जोडण्या बघा, त्या बहुधा खरं सांगतात. ब्रोचची पिन साध्या इंग्रजी ‘सी’सारख्या आकड्यात अडकत असेल आणि टोक बाहेर डोकावत असेल तर एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरची थोडी वर्षं. कानाला टोचण्याऐवजी मळसूत्राने आवळायची कानातली विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासची, तर दाबून बसवायची क्लिप १९३०च्या दशकापासूनची. खेकड्याच्या नांगीसारखा हूक असलेली साखळी ‘व्हिक्टोरियन’ म्हणून कुणी दिली तर निदान हूक तरी कितीतरी नंतरचा आहे. पांढरं सोनं दागिन्यांत रुळलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळापासून.

व्यापारात ‘अँटिक’ हा शब्द शंभर वर्षांपुढच्या वस्तूला लावतात. त्याहून नव्याला जुना, ‘व्हिंटेज’ म्हणा. काळाबद्दल खात्री नसेल तर दशकांचा पल्ला लिहा, एक वर्ष नको.

## ८. किंमत काढणं

आधी धातूची किंमत काढा, कारण त्याखाली विकणं म्हणजे तोटा. दागिना १२.६ ग्रॅमचा, ५८५चा, आणि खड्यांचं वजन ०.८ ग्रॅम असेल तर धातू ११.८ ग्रॅम. गुणिले ०.५८५ बरोबर ६.९ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला त्या दिवसाच्या शुद्ध सोन्याच्या भावाने गुणा.

इथे दोन ठिकाणी माणसं अडखळतात. सोन्याचा जागतिक भाव ट्रॉय औंसात असतो, तो ३१.१ ग्रॅमचा; स्वयंपाकघरातला औंस २८.३५ ग्रॅमचा. दुसरं म्हणजे खड्याचा कॅरट हे वजन आहे, एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, सोन्याच्या कॅरटशी त्याचा संबंध नाही.

वितळवणारा पूर्ण भाव देत नाही. घट आणि आपला नफा कापून घेतो. दोघा-तिघांना विचारा, आणि आपल्यासमोर तोलायला सांगा.

मग दुसरी किंमत: तशीच वस्तू प्रत्यक्षात किती किमतीला विकली गेली. लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, विकून झालेले व्यवहार बघा. विम्यासाठी केलेलं मूल्यांकन तर मुद्दाम चढं असतं, ते विक्रीला लागू होत नाही.

दुसरी किंमत पहिलीच्या जवळपास असेल, वस्तू तुटकी, एकटं कानातलं, यंत्रावर काढलेली साधी साखळी असेल, तर मोडीत जाऊ द्या. पण बनवणाऱ्याची खूण, हातची कोरीव कामगिरी, शाबूत मिनाकारी किंवा पूर्ण जोडी असेल तर मोडीत घालू नका. वितळवलेली वस्तू कुणालाच परत मिळत नाही, आणि तसं काम करणारे हात आता थोडे उरलेत. शंका असेल तेव्हा आठवडाभर थांबणं परवडतं.

> सावध: मोठ्या नावांच्या नकला पुष्कळ आहेत. नाव कोरलेलं आहे म्हणून किंमत लावू नका. अक्षरांचं वळण, टंच आणि घडण त्या घराच्या त्या काळातल्या कामाशी जुळते का ते आधी पाहा, किंवा त्यातल्या जाणकाराला दाखवा.

## ९. आता पुसणं, तेही थोडंच

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. ज्या वस्तू पाण्यात चालत नाहीत त्यांना फक्त कोरडं मऊ कापड. टूथपेस्ट नको, तिचे कण बारीक ओरखडे पाडतात. चांदी क्षणात उजळवणारी द्रावणं आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल-सोड्याची युक्ती नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम दिलेला काळेपणाही काढून टाकते, आणि मग नक्षी सपाट, निर्जीव दिसते. मोती, ओपल, फिरोजा, पाचू यांना अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू नका.

संग्राहक बहुतेक वेळा न पुसलेली वस्तूच मागतात. धूळ आणि हाताचं तेल निघालं की थांबा.

## १०. विक्रीला ठेवणं आणि पाठवणं

आधी कायदा. आपल्या देशात जुने दागिने विकायला परवाना, कर किंवा हॉलमार्कची काय अट आहे ते विक्रीआधी बघा. ब्रिटनमध्ये उदाहरणार्थ १९५० किंवा त्यानंतर बनलेली १ ग्रॅमवरची सोन्याची किंवा ७.७८ ग्रॅमवरची चांदीची वस्तू हॉलमार्क नसताना सोनं-चांदी म्हणून व्यापारात विकता येत नाही. हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाचे भाग असलेले दागिने आंतरराष्ट्रीय करारान्वये बंधनात आहेत. कागदपत्रांशिवाय ते सीमेपलीकडे पाठवू नका.

वर्णन लिहिताना पाहिलेलं आणि तपासलेलं वेगळं ठेवा. ‘हुकावर ७५० चा शिक्का, साखळीवर शिक्का नाही, घनता १५.५, आम्ल चाचणी केलेली नाही’ असं लिहिलेलं वाचून जाणता ग्राहक निश्चिंत होतो. ‘बहुतेक सोनं असावं’ असं लिहू नका. खात्री नसेल तर ‘सोनेरी धातू, टंच तपासलेला नाही’ म्हणा आणि किंमतही तशीच ठेवा. दुरुस्ती, बदललेला हूक, बदललेला खडा, सैल नखं, सगळं सांगा. फोटो पुढून, मागून, शिक्क्याचा जवळून, झिजेचा, काट्यावरचा आणि मोजपट्टीसह. आत नाव-तारीख कोरलेली असेल तर त्याचाही उल्लेख हवा. काहींना ती नको असते, काहींना नेमकी तीच हवी असते.

पाठवताना विमा काढा, पण विम्यात दागिने धरले जातात का हे आधी वाचा. कित्येक कुरिअर सेवा त्यांना वगळतात. सही घेऊनच पार्सल द्यायला सांगा आणि बाहेरच्या वेष्टनावर ‘दागिने’ असं लिहू नका.

पाकीट बंद करण्याआधी वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत लिहून घ्या आणि वस्तूवरच्या एखाद्या ठळक ओरखड्याचा भिंगातून फोटो काढा. वस्तू परत आली तर पैसे परत करण्याआधी तोच ओरखडा आणि तेच वजन जुळवा. जुळलं नाही तर आलेल्या वस्तूचे फोटो, वजन आणि पाकीट जपून ठेवून लगेच विक्रीच्या मंचाकडे तक्रार नोंदवा.